वीतभर रणगाडा

मुलांच्या हाती युद्धाची खेळणी द्यावीत की नाही, हा वाद आपल्या घरांत जुनाच आहे. द्यावीत म्हणणारे शौर्याचा दाखला देतात, नकोत म्हणणारे संस्कारांचा. माझे मत जरा निराळे आहे. विकतचा रणगाडा आणू नये. पण मुलाला कागदाचा करायचा असेल, तर खुशाल करू द्यावा.

उर्से म्हटले की लोकांना द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आठवतो. लोहगड, विसापूर, तिकोना हे गड आमच्याच मावळातले; त्यामुळे दिवाळीत मातीचे बुरूज रचायला इथल्या पोरांना कुणी शिकवावे लागत नाही. माझ्या नातवाने सुट्टीत मात्र टी-३४ हा दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत रणगाडा करायला घेतला. सूनबाई कुरकुरली, "बाबा, याला दुसरे काही सुचत नाही का?"

१९४० साली खारकोव्हच्या कारखान्यात बनू लागलेला हा रणगाडा कागदाला फार सोयीचा. त्याचे अंग सपाट, तिरप्या पत्र्यांचे. ४५ मिलिमीटरचे पोलाद तिरके बसवले की समोरून येणाऱ्या गोळ्याला जास्त जाडी भेदावी लागते. पुठ्ठा सरळ आणि तिरका धरून पट्टीने मोजला, तेव्हा हे नातवाला आपोआप उमगले.

पंचविसाव्या हिश्श्याच्या मापात हा रणगाडा वीतभर होतो. संपलेल्या रिफिलने रेघा दाबायच्या, घड्या घालायच्या, खळ वाळेपर्यंत थांबायचे. एका बाजूच्या साखळीपट्ट्याचेच ७२ दुवे! उतावीळ पोराला दम धरायला लावणारे असे काम हल्ली विरळाच.

तोफेचा फिरता बुरूज बसवताना त्याने विचारले, "आजोबा, आत किती माणसं बसायची?"

सुरुवातीच्या टी-३४मध्ये चार. त्यांतली दोन या बुरुजात: एक तोफ भरणारा, दुसरा रणगाड्याचा प्रमुख, आणि तोफेचा नेमही त्यालाच धरावा लागे. त्याच मापाची दोन पुठ्ठ्याची माणसे कापून नातवाने आत ठेवून पाहिली. वाकवल्याशिवाय बसेनात. मग तो म्हणाला, "आग लागली तर बाहेर कसं यायचं?" त्या बुरुजाला दोघांत मिळून एकच झाकण होते.

विकतच्या खेळण्याने हा प्रश्न विचारायला लावला नसता. त्याला तोफ असते, आत माणसे नसतात. सोव्हिएत सैन्याने त्या युद्धात चाळीस हजारांहून अधिक मध्यम रणगाडे गमावले. बहुतेक याच जातीचे. त्या देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली. असले आकडे मुलांच्या डोक्यावरून जातात. न मावणारी दोन कागदी माणसे मात्र लक्षात राहतात.

यात शौर्याचा अवमान होतो, असे कुणी समजू नये. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५च्या युद्धात जखमी असूनही मागे फिरले नाहीत आणि १६ सप्टेंबरला सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्या नकाराचे मोल कळायला रणगाड्याच्या आत किती जागा असते, हे आधी ठाऊक हवे. अहिल्यानगरला १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. मुलांना तिथे अवश्य न्यावे. पण आधी एक रणगाडा घरी करून मग न्यावे.

लागते काय? पुठ्ठा, कात्री, वाटीभर खळ. आणि प्रश्न आला की टाळणार नाही, असे शेजारी बसलेले घरातले एक मोठे माणूस.