टोस्टवरचं अंडं

वाशीमच्या एका भगिनीने विचारलंय, ‘‘चीज-टोस्टवर ठेवायचं अंडं पाण्यात सोडताच त्याच्या चिंध्या का होतात?’’ अहो, अंडं शिळं असणार! वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ते टिकतं कुठे? आधी थंड पाण्यात ठेवून पाहा. तळाशी आडवं बसलं तर ताजं. वाटीत फोडा आणि चमचाभर व्हिनेगर घातलेल्या, न खळखळणाऱ्या गरम पाण्यात अलगद सोडा. ३-४ मिनिटं पुरेत.

इंग्रजांचं हे ‘बक रेअरबिट’. चमचाभर लोण्यावर तेवढाच मैदा परता, पाव वाटी दूध घालून ढवळा, मग वाटीभर किसलेलं चीज, चिमूटभर मोहरीपूड. चीज पडलं की आच अगदी मंद. उकळलं तर तेल सुटतं. मीठ नकोच. तव्यावर भाजलेल्या पावावर हे ओता, वर अंडं. मुंबईच्या विलिंग्डन क्लबातल्या ‘एग्ज केजरीवाल’सारखी हिरवी मिरचीही पेरा. सासूबाईंना अंडं चालत नसेल, तर त्यांचा टोस्ट आधी वाढा.