कोल्ह्याचा वास आणि कोरडा जिल्हा

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले. म्हणजे सिंदी (रेल्वे)चा माणूस त्या चर्चेतून आपोआप बाहेर. तरीही अमेरिकन द्राक्षाविषयी आपण बोललेच पाहिजे. कारण त्याचा गुण वाईनपेक्षा साध्या रसात जास्त खुलतो, असे माझे मत आहे.

नाशिक-सांगलीची द्राक्षे युरोपीय जातीची, पण बहुतेक बागांचे मूळ डॉगरीज या अमेरिकन खुंटाचे. फळच अमेरिकन वंशाचे असले, म्हणजे कॉन्कॉर्ड, कॅटॉबा किंवा कर्नाटकातली बंगलोर ब्लू, तर नाकाला लगेच कळते. गोड, दाट, काहीसा पिकल्या स्ट्रॉबेरीसारखा वास. वाईनचे जाणकार त्याला ‘फॉक्सी’, म्हणजे कोल्हकट, म्हणून नाक मुरडतात. आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षे आंबट, तिकडे द्राक्षालाच कोल्ह्याचा वास! फ्रान्सने तर १९३० च्या दशकात अशा काही जातींवर बंदीच घातली. या वासात मोठा वाटा मिथाईल अँथ्रानिलेट या द्रव्याचा. ते संत्र्याच्या फुलातही असते, तेव्हा आपल्या नाकाला ते परके नाही.

आता गंमत पाहा. अमेरिकेतले दंतवैद्य थॉमस वेल्च दारूबंदीवाले. चर्चमधल्या विधीला वाईन नको म्हणून त्यांनी १८६९ मध्ये कॉन्कॉर्डचा रस बाटलीत भरून गरम पाण्यात तापवला. आंबवणारे जंतू मेले, रस रसच राहिला, वासही टिकला. त्यातून मोठा धंदा उभा झाला. कोरड्या जिल्ह्याला याहून जवळचा दाखला कोणता?

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कॅटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही जात काढली आहे. बुरशीजन्य रोगांना दाद न देणारी, छाटणीनंतर ११० ते १२० दिवसांत तयार होणारी, रसाला चांगली.

पण म्हणून उद्याच कपाशी मोडून मांडव घालू नका, बाप्पा! तारा, ठिबक, छाटणीची मजुरी, सारा खर्च आधी, पैसा मागाहून. वर्धेचा उन्हाळा या वेलाला किती मानवतो हे सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राने दोन-तीन हंगाम लावून दाखवावे, सोबत रस काढण्याचे लहान यंत्रही बसवावे. तोवर रोपे विकणारा दारात आला तर त्याला एवढेच विचारा : रस कोण घेणार, काय भावाने, आणि ते कागदावर लिहून देता काय?