पोलिसांचे प्रश्न आणि संशयिताचें मौन

पोलिसांनीं संशयावरून एखाद्यास प्रश्न विचारले, तर त्यानें उत्तर द्यावें कीं गप्प बसावें? ‘कर नाहीं त्याला डर कशाला’ ही म्हण पुढें करून पुष्कळ शहाणे लोक या प्रश्नाचा निकाल लावून टाकतात. गप्प बसला तो अपराधी, हें अनुमान न्यायास सोडून आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

राज्यघटनेच्या २० व्या कलमाप्रमाणें आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षी होण्याची सक्ती करितां येत नाहीं. हें संरक्षण कोर्टाच्या पिंजऱ्यापुरतें नसून पोलीस चौकशीसही लागू आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यांत ठरविलें. २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचें १८० वें कलमही हेंच सांगतें: खरीं उत्तरें देणें बंधनकारक; मात्र ज्या उत्तरानें स्वतःवर फौजदारी आरोप येण्याचा संभव असेल तें देण्याचें बंधन नाहीं. म्हणजे मौनास मर्यादित मुभा आहे. असत्यास मुळींच नाहीं.

यानें चोरांस मोकळें रान मिळतें, असा आक्षेप येईल. परंतु बोटांचे ठसे व हस्ताक्षराचे नमुने घेण्यास हें कलम आड येत नाहीं, असें १९६१ सालींच ठरलें आहे. गुन्हा शोधण्याचीं साधनें पुष्कळ आहेत. धाकदपटशानें काढलेला जबाब हें त्यांतलें सर्वांत वाईट साधन होय. मद्रास इलाख्यांतील कमिशननें १८५५ सालीं पोलिसांच्या छळाची हकीकत उघडकीस आणली. पुढें १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानेंही पोलिसांपुढील कबुली सामान्यतः अग्राह्य मानिली, व आजचा कायदाही तसेंच मानितो. परंतु त्या जबाबावरून एखादी वस्तु सांपडली, तर तेवढा भाग पुराव्यांत येतो. आणि आमच्या प्रांतांतील १९९९ च्या संघटित गुन्हेगारीच्या कायद्यानें तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीही ग्राह्य केली आहे. मग निरपराध्यानें सावध राहूं नये काय? तीन वर्षांपूर्वींच्या हुंडीची तारीख भेदरलेल्या व्यापाऱ्यानें आठवणीनें चुकीची सांगितली, तर तीच चूक उद्यां लबाडी ठरते. ‘वह्या पाहून सांगतों’ म्हणणें हा गुन्हा नव्हे.

आमच्या वाचकांस आमची सूचना इतकीच: नांवपत्ता सांगावा, उर्मटपणा करूं नये, खोटें कदापि बोलूं नये, जें उत्तर आपणांवर उलटेल, तें वकिलाच्या सल्ल्यावांचून देऊं नये. पोलिसांनीं तपासांत लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

परंतु वकील कोणास मिळतो? पेढीवाल्यास तासाभरांत, हमालास कित्येकदां कोर्टांत उभा केल्यावरच. चौकशीच्या वेळीं वकिलास भेटण्याचा हक्क अटक झालेल्या प्रत्येकास आहे, व गरिबास फुकट कायदेशीर मदत देण्याचें तत्त्व घटनेंत आहे. तें ठाण्याच्या दारापर्यंत पोंचविणें सरकारचें कर्तव्य आहे. जो हक्क केवळ पैसेवाल्यासच वापरतां येतो, त्यास हक्क न म्हणतां सवलत म्हणावें लागेल.