तेल कमी करा म्हणणाऱ्यांना शेतमजुराचा सवाल

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणातून पंतप्रधानांनी लठ्ठपणाविरुद्ध मोहीम पुकारली. प्रत्येकाने दरमहा दहा टक्के खाद्यतेल कमी वापरावे, असा उपदेश त्यांनी देशाला केला आणि त्याच्या प्रसारासाठी उद्योगपती, खेळाडू, नट अशा दहा नामवंतांची नावे जाहीर केली. २०१८ चे पोषण अभियान, २०१९ ची 'फिट इंडिया' चळवळ, २०२३ साली भरड धान्यांना बहाल झालेली 'श्रीअन्न' ही पदवी, याच माळेतला हा पुढचा मणी. सकस खा, भरपूर चाला, निरोगी राहा! या उपदेशातील एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच तो कोणाला आणि कशाच्या बदल्यात पाजला जात आहे, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

सरकारच्याच २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भागातील सर्वांत गरीब पाच टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च सरासरी १,६७७ रुपये होता. म्हणजे दिवसाला सुमारे ५६ रुपये. यातच डाळ, तेल, भाजी आली. औषध, कपडालत्ता, मुलांची वही आणि एस.टी.चे तिकीटही आले. या माणसाने तेल दहा टक्क्यांनी कमी करायचे म्हणजे फोडणी देणेच बंद करायचे काय?

१९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिगटाने दारिद्र्यरेषा आखताना शहरी माणसासाठी रोज २,१०० आणि ग्रामीण माणसासाठी २,४०० उष्मांक धरले होते. खेड्यात अंगमेहनत अधिक, म्हणून तिथे अन्नही अधिक लागते, हे या राज्यकर्त्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०२० चे निकष तर सांगतात की जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दररोज ३,४७० आणि स्त्रीला २,७२० उष्मांक हवेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली सर्वसाधारण लाभार्थ्याला मिळते काय? दरमहा पाच किलो धान्य! दिवसाला १६७ ग्रॅम, सुमारे ५७५ उष्मांक. त्या पुरुषाच्या गरजेचा जेमतेम सहावा हिस्सा. उरलेले पाच हिस्से आणि डाळ, अंडे, दूध, भाजी यांचा सारा भार मजुरीवर. मजुरीचा प्रश्न वगळून आहाराचा उपदेश करणे म्हणजे निव्वळ धूळफेक होय.

या धूळफेकीचे फळ सरकारी आकड्यांतच दिसते. रक्तक्षय दरवर्षी तीन टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट पोषण अभियानाने ठेवले होते. प्रत्यक्षात २०१५-१६ आणि २०१९-२१ या दोन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांच्या दरम्यान १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षय ५३.१ वरून ५७ टक्क्यांवर गेला आणि पाच वर्षांखालील बालकांमधील ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

आता 'हालचाल वाढवा' या मंत्राकडे वळू. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादमाच्या हिशेबात 'कोयता' म्हणतात. माणूस हिशेबात औजार होऊन बसला, याहून बोलकी गोष्ट ती कोणती? पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, वाकून ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या आणि खाडा झाला तर पैसे कापून घ्यायचे. या स्त्रीने रोज किती पावले चालावे, हे तिला सांगायला कोणता नामवंत जाणार आहे?

व्यायाम शरीर घडवितो, कारण त्याच्यामागे पुरेसे अन्न असते आणि नंतर विश्रांती असते. अर्धपोटी, विश्रांतीविना केलेले कष्ट शरीर झिजवितात. हा केवळ आमचा दावा नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांमधील गर्भवती स्त्रिया व त्यांच्या बालकांचा दीर्घ अभ्यास केला. गरोदरपणात ज्या स्त्रियांवर कष्टांचा बोजा अधिक, त्यांची बाळे वजनाने कमी भरली. ज्यांच्या आहारात दूध, पालेभाजी व फळे अधिक वेळा आली, त्यांची बाळे मोठी निपजली. या स्त्रियांना 'अधिक चाला' असे सांगणे हा अडाणीपणा तरी आहे किंवा क्रौर्य तरी. त्यांना हवी आहे ती भरपगारी रजा, पाण्याचा नळ आणि घोटभर दूध.

आपल्यातील एक गैरसमज

परंतु या सरकारी मोहिमेचा समाचार घेताना काही साथी उलट टोकाला जातात. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा ही शेठजींची दुखणी आहेत, आपल्या चळवळीला त्यांच्याशी काय कर्तव्य, असा त्यांचा युक्तिवाद असतो. ही भूमिका चुकीची आहे आणि ती कष्टकऱ्यांनाच महागात पडेल.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार ग्रामीण भागातील ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. शहरातील १६.४ टक्क्यांपेक्षा हे प्रमाण कमी खरे. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचे प्रमाण शहरात १५.४ आणि खेड्यात १५.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच आहे. हा रोग वेशीच्या आत आलेला आहे. शेठजीचा मधुमेह तपासणीत सापडतो. शेतमजुराचा पायाची जखम चिघळल्यावर सापडतो, आणि मग उपचारांसाठी जमीन गहाण पडते.

भूक आणि मधुमेह हे दोन वेगळे प्रश्नही नाहीत. त्याच पुण्याच्या अभ्यासात सरासरी अवघ्या २.७ किलो वजनाची बाळे आढळली. त्यांचे स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी अधिक. आईच्या उपासमारीत घडलेले हे शरीर पुढे स्वस्त पिष्टमय अन्नावर वाढते, तेव्हा मधुमेहाचा धोका बळावतो. अर्धपोटी आईचे देणे तिचे मूल चाळिशीत फेडत असते.

ताटातून काय गेले, कोणी नेले?

ज्वारी, बाजरी, नाचणी ही कोरडवाहू शेतकऱ्याची पिके. हरितक्रांतीनंतर सरकारी खरेदीचा सारा भर गहू आणि तांदळावर राहिला. भरड धान्यांचा हमीभाव बहुतांशी कागदावरच उरला. शेतकरी नगदी पिकांकडे ढकलला गेला आणि रेशनच्या दुकानातून त्याच्या घरात गहू-तांदूळ आला. १९९७ साली दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी फाळणी करून सार्वत्रिक शिधावाटपही मोडीत काढले. मोकळ्या झालेल्या जागेत कंपन्या शिरल्या. आज ग्रामीण कुटुंब धान्यावर जितके खर्च करते, त्याच्या जवळजवळ दुप्पट पेये आणि तयार खाद्यपदार्थांवर खर्च करते. यात चैन कसली? कामावर असताना चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा हेच भूक मारण्याचे सर्वांत स्वस्त साधन उरले आहे.

यावर इलाज नाही काय? आहे, आणि तो याच देशात काही प्रमाणात झालेला आहे. ओडिशात २०१७ पासून आदिवासी भागांत नाचणीची हमीभावाने खरेदी होऊन ती रेशनवर आणि अंगणवाडीच्या लाडवात पोहोचली. तामिळनाडूने सार्वत्रिक शिधावाटप टिकविले आणि २००७ पासून तूरडाळ व पामतेल सवलतीत दिले. पदवी देण्यापेक्षा खरेदी करणे कठीण असते. पण पोटात जाते ते खरेदी केलेले धान्य.

आणि अंड्याचे काय? मुलाला मिळू शकणारे हे सर्वांत सोपे, भेसळ न होणारे प्रथिन. मध्य प्रदेशात २०१५ साली मुख्यमंत्र्यांनीच अंगणवाडीत अंडे देण्यास नकार दिला. कर्नाटकात २०२१ साली बिदर, रायचूरसारख्या मागास जिल्ह्यांतील शाळांत अंडी सुरू होताच मठाधिपतींनी काहूर उठविले. महाराष्ट्राने २०२३ साली सुरू केलेल्या अंड्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद करून शाळांना लोकवर्गणीचा रस्ता दाखविला. दलित-आदिवासी मुलांच्या ताटातील अंडे खुपणाऱ्यांनी पोषणाचे महिने साजरे करावेत, हा दांभिकपणाचा कळस होय!

आपल्या मागण्या, आपले काम

म्हणून आरोग्याचा हा प्रश्न सत्ताधाऱ्यांच्या जाहिरातबाजीकडे न सोडता आपण हाती घेतला पाहिजे. शिधावाटप सार्वत्रिक करा; २०११ च्या जनगणनेवर ठरलेल्या संख्येबाहेर राहिलेल्यांना शिधापत्रिका द्या. रेशनवर धान्याबरोबर डाळ, तेल आणि त्या-त्या भागाचे भरड धान्य हमीभावाने खरेदी करून द्या. शाळा व अंगणवाडीत अंडे द्या. न खाणाऱ्याला दूध वा केळे द्या. अंगणवाडी सेविका व मदतनिसांना मानधनाऐवजी वेतन द्या. गर्भवती मजूर स्त्रीला भरपगारी विश्रांती द्या. उपकेंद्रात रक्तातील साखर व हिमोग्लोबिनची तपासणी आणि औषधे मोफत द्या. गायरानावरील धनदांडग्यांची अतिक्रमणे हटवून मुलामुलींना मैदान द्या. कबड्डी आणि खो-खोला लाखांची यंत्रे लागत नाहीत, जागा आणि फुरसत लागते.

शेतमजूर, किसान व महिला आघाडीवरील प्रत्येक शाखेने आपल्या गावात तीन गोष्टींची नोंद घ्यावी: रेशन दुकानात महिन्याला काय आले, अंगणवाडीत मुलांच्या ताटात काय पडले आणि प्रत्यक्ष मजुरी किती मिळाली. या नोंदी ग्रामसभेत जाहीर वाचाव्यात, तहसील कचेरीवर न्याव्यात. त्याचबरोबर तंबाखू, दारू आणि पुडीतल्या खाऊविरुद्ध घरोघर बोलावे. आपल्या माणसांचे शरीर ही त्यांची एकमेव मिळकत आहे, आणि तिची राखण हेही चळवळीचेच काम आहे.

तेल किती वापरायचे, हे आमची माणसे जरूर ठरवतील. आधी ते त्यांच्या घरी पोहोचू द्या!