जुन्या कॉम्प्युटरच्या भागांना रास्त भाव कोणता?

अंबरनाथ एमआयडीसीतील एखाद्या कारखान्यातून जुना कॉम्प्युटर भंगारात निघाला की आपल्या बाजारात त्याला दोनच भाव असतात. एक काट्यावरचा, किलोचा. दुसरा अडलेल्या गिऱ्हाइकाचा, म्हणजे तोंडाला येईल तो. या दोहोंच्या मधला, हिशेबाने काढलेला भाव फारच थोडे व्यापारी काढतात. आमच्या मते नुकसान तेथेच होते.

या मालाला मागणी का आहे, हे आधी समजून घ्यावे. कारखान्यातील मशीन वीस-तीस वर्षे चालते, त्याला जोडलेला कॉम्प्युटर मात्र लवकर जुना होतो. 1981 च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला आयएसए स्लॉट 2000 च्या सुमारास नव्या मदरबोर्डांवरून जवळजवळ नाहीसा झाला. सोनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री मार्च 2011 मध्ये बंद केली. पण त्या स्लॉटच्या कार्डावर किंवा फ्लॉपीवर चालणारे मशीन मोडीत काढणे कारखानदाराला परवडत नाही. तो लॅमिंग्टन रोडपासून उल्हासनगरपर्यंत एका कार्डासाठी फिरतो.

आता हिशेब पाहू. समजा, दहा कार्डे 2,000 रुपयांना घेतली. प्रत्येकाच्या तपासणीची मजुरी 100 रुपये, म्हणजे आणखी 1,000. त्यांतील चारच चालू निघाली. बंद पडलेली सहा वजनावर 300 रुपयांना गेली. उरले 2,700. चारांत वाटले तर एक कार्ड 675 रुपयांना पडले. दोन वर्षे पोटमाळ्यावर पडून राहिल्याचे, पैसा अडकल्याचे 125 धरा. झाले 800. त्यावर चौथा हिस्सा नफा 200. भाव 1,000 रुपये. हा भाव गिऱ्हाइकाला समजावून सांगता येतो.

कोणी म्हणेल, कारखाना एक दिवस बंद राहिला तर मालकाचे हजारो रुपये बुडतात, मग आपण 15,000 का मागू नयेत? माल दुर्मिळ असेल तर भाव चढणारच, हे आम्हाला मान्य आहे. मदीनेत भाव वाढले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भाव बांधून देण्यास नकार दिला होता. पण धान्याच्या ढिगात हात घालून खालचे ओले धान्य उघड करणारेही तेच होते. चढा भाव ही एक गोष्ट, लपवलेला दोष ही दुसरी. बॅटरी गळून बोर्डाची तार खाल्ली गेली असेल, कंडेन्सर फुगले असतील, तर ते गिऱ्हाइकाला आधी दाखवले पाहिजे. शिवाय आज नडलेला कारखानदार उद्या नव्या मशीनचा विचार करतो आणि आपल्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही.

हाच न्याय खरेदीलाही लावावा. 1995 च्या पेंटियम प्रोसारख्या चिपमध्ये सोने असते, म्हणून तिचा किलोचा भावही इतरांपेक्षा जास्त. विकणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर ‘हा कचरा आहे’ असे सांगून माल उचलणे हा व्यापार नव्हे. आणि चालू चिप सोन्यासाठी तेजाबात घालणे हा तर दुहेरी तोटा: मालही जातो, कारागिराची छातीही.

म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. चालू, बंद आणि न तपासलेला असे मालाचे तीन ढीग करावेत आणि तिन्हींचे भाव वेगळे सांगावेत. ओळखीच्या कारखान्याला आठ दिवस जाकड द्यावा. मशीन चालले तर पैसे, नाही तर माल परत. घेताना व देताना बिल करावे, म्हणजे चोरीच्या मालाचा संशय आपल्यावर येणार नाही. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्ती करून विकणाऱ्यांना आणि पुनर्चक्रण करणाऱ्यांना नोंदणी सांगितली आहे. तिची माहिती जाणकाराकडून घ्यावी.

भंगारवाला म्हणून हिणवले जाणे आणि जुन्या मालाचा जाणकार म्हणून बोलावले जाणे, यांत अंतर फक्त हिशेबाच्या एका वहीचे आहे. ती वही आजच उघडावी.