पिळाची वीण आणि दंतकथेचा पीळ

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, गॉलवेच्या आखाताच्या मुखाशीं, इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर हीं तीन लहान बेटें आहेत. त्यांस आरनचीं बेटें म्हणतात. या बेटांच्या नांवानें ओळखला जाणारा पांढऱ्या लोकरीचा, दोरखंडासारख्या पिळांनीं भरलेला सदरा आणि त्याच विणीचा गळपट्टा आज जगभर विकला जातो, आणि परदेशीं जाऊन आलेल्या आप्तांच्या पेटींतून तो आपल्याही घरांत येतो. त्याच्याबरोबर एक कथाही येते. तिकडील प्रत्येक घराण्याची म्हणे आपली स्वतंत्र वीण असे. ती आईकडून मुलीकडे परंपरेनें येई. आणि एखादा कोळी बुडून त्याचें प्रेत ओळखूं न येण्याजोग्या स्थितींत किनाऱ्यास लागलें, तर अंगावरील विणीवरून तो कोणत्या घरचा हें लोकांस कळे. कथा सांगणाराचा कंठ येथें थोडा दाटतो, ऐकणारे हळहळतात, आणि गळपट्टा मोठ्या आदरानें हातोहात फिरतो.

ही कथा खोटी आहे. पण तेवढेंच सांगावयाचें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती. निरुपद्रवी असत्यांवर कोरडे ओढीत बसण्याची आम्हांस हौस नाहीं. आमचा आक्षेप असा कीं, जिच्या गौरवासाठीं ही कथा सांगितली जाते त्या विणणाऱ्या बाईचाच अपहार ती करते.

प्रथम पुराव्याकडे वळूं. या कथेचा एक धागा वाङ्मयांतून आलेला आहे. जॉन मिलिंग्टन सिंग यांची ‘रायडर्स टु द सी’ ही एकांकिका १९०४ सालीं डब्लिन येथें रंगभूमीवर आली. तींत बुडालेल्या मायकेलचे म्हणून सांगितलेले कपडे त्याच्या बहिणींपुढें येतात. एक सदऱ्याचें कापड आहे. पण तसल्या कापडाचे तागे गॉलवेच्या दुकानांत पुष्कळ, तें कोणाचेंही असूं शकेल, असें त्याच म्हणतात. मग नोरा पायमोजा हातीं घेते, टाके मोजते, आणि ओळखते. तिनें साठ टाके घातले होते व त्यांतले चार सोडले होते. येथें घराण्याची वीण कोठें आहे? पीळ कोठें आहे? येथें आहे तो एक साधा मोजा, आणि आपण केव्हां किती टाके घातले व किती सोडले हें ध्यानांत ठेवणारी एक मुलगी. नाटककारानें ओळख दिली ती विणणारीच्या स्मरणशक्तीस. लोकांनीं ती तिच्याकडून काढून घेतली आणि घराण्याच्या पदरांत टाकली.

दुसरा धागा व्यापाराचा आहे. हाइन्झ एडगर कीवे या ऑक्सफर्ड येथील लोकरीच्या व्यापाऱ्यानें १९३६ सालीं डब्लिनमध्यें असा एक पांढरा सदरा पाहिला व त्यावरून त्याच्या कल्पनेस पंख फुटले. १९६७ सालीं त्यानें विणकामाचा ‘पवित्र इतिहास’ प्रसिद्ध केला. इ. स. ८०० च्या सुमारास चितारलेल्या केल्सच्या पोथींतील एका आकृतीच्या अंगावर त्यास आरनचीच वीण दिसली. आतां, सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने मिसर देशांत सांपडलेले आहेत, आणि ते इ. स. १००० नंतरचे मानले जातात. युरोपांतील चित्रांत येशूची माता विणतांना दिसूं लागते ती चौदाव्या शतकांत. म्हणजे केल्सच्या पोथींतील मनुष्यानें, युरोपांत विणकामाची खूण दिसण्यापूर्वीं पांचशें वर्षें, विणलेला सदरा घातला असें आपण मानावयाचें! या पवित्र इतिहासाचें पावित्र्य कसोटीस लावलें तेंही एका धर्मगुरूनेंच, ही त्यांतली मौज. लेस्टरचे बिशप रिचर्ड रट हे स्वतः उत्तम विणणारे होते. त्यांनीं १९८७ सालीं हातविणकामाचा जो इतिहास लिहिला, त्यांत या कल्पनांचा समाचार घेतला आहे.

मग खरें काय? १८९१ सालीं ब्रिटिश सरकारनें आयर्लंडच्या पश्चिमेकडील दरिद्री भागांसाठीं एक मंडळ स्थापिलें व मासेमारी आणि घरगुती धंदे यांस उत्तेजन दिलें. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचे गडद निळे विणलेले सदरे त्या सुमारास प्रसिद्ध होतेच. त्यांवरील नक्षी बेटांवरच्या बायकांच्या दृष्टीस पडली. त्यांनीं ती उचलली, वाढविली, दाट केली, आणि न रंगविलेल्या पांढऱ्या लोकरींत उतरविली. १९३० सालीं म्युरिएल गाहन या बाईंनीं डब्लिनमध्यें खेड्यांतील स्त्रियांच्या हस्तकौशल्याच्या विक्रीसाठीं दुकान काढलें, आणि या सदऱ्यांस शहरांत गिऱ्हाईक मिळालें. १९६१ सालीं क्लॅन्सी बंधू हे आयरिश गायक अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर हेच सदरे घालून गायिले, आणि त्यांची कीर्ति समुद्रापार गेली. सारा इतिहास शंभर-सव्वाशें वर्षांत मावतो. थोड्याशा गरीब बायकांनीं दोन-तीन पिढ्यांत, घरचें काम सांभाळून व पैशाची गरज भागविण्यासाठीं, जगानें डोक्यावर घ्यावी अशी एक नवी शैली निर्माण केली. हें घराण्याच्या कथेहून लहान आहे काय? आमच्या मतें शतपट मोठें आहे.

या शैलींत बुद्धीचा भाग किती, हें न विणणाऱ्या वाचकांसाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. पीळ घालावयाचा म्हणजे उलट टाक्यांच्या जमिनीवर सुलट टाक्यांचा, समजा सहांचा, एक स्तंभ चढवावयाचा. ठराविक ओळीस त्यांतले पहिले तीन टाके एका आखूड जादा सुईवर काढून ठेवावयाचे, पुढचे तीन आधीं विणावयाचे, आणि मग थांबलेले तीन. जादा सुई पुढें धरली तर पीळ डावीकडे कलतो, मागें धरली तर उजवीकडे. सहा किंवा आठ ओळी झाल्या कीं पुन्हां तोच ओलांडा. प्रत्येक ओलांड्यानें वीण आंत ओढली जाते. म्हणून आरंभींच साध्या विणीहून अधिक टाके घालावे लागतात, लोकर अधिक लागते, आणि वस्त्र जाड व ऊबदार होतें. एक ओळ मोजण्यांत चुकली तर ती चूक चार बोटें पुढें गेल्यावर डोळ्यांत भरते, आणि उसवण्यावांचून गति राहत नाहीं.

गळपट्ट्यांत तर आणखी एक अडचण आहे. सदऱ्याची उलट बाजू अंगाकडे असते, ती कोणास दिसत नाहीं; गळपट्टा मात्र वाऱ्यानें उलटतो आणि दोन्ही अंगें दाखवितो. साध्या पिळाची पाठ निस्तेज असते. यावरचा तोड असा: पिळाच्या स्तंभांत बारा टाके घ्यावयाचे, ते एक सुलट एक उलट असे विणावयाचे, आणि सहांवरून सहा ओलांडावयाचे. अशी वीण आपोआप मिटते, उलट टाके सुलट टाक्यांच्या आड जातात, आणि दोन्ही अंगांस तिनांवरून तिनांचा सारखाच पीळ उठून दिसतो. ज्या कोणा बाईस हें प्रथम सुचलें, तिनें भूमितीचें पुस्तक उघडलें नसेलही. पण तिनें केलें तें भूमितीचेंच काम होय.

आतां आमचा मूळ मुद्दा. घराण्याची कथा काय सांगते? वीण बाईनें योजिली नाहीं, ती तिच्याकडे वंशानें आली. तिचें काम केवळ नक्कल उतरण्याचें. शिवाय त्या विणीस मोल कशानें आलें? तिच्या हिशेबानें नव्हे, तिच्या डोळ्यांनीं नव्हे. तर एक पुरुष बुडाला व त्याचें प्रेत सांपडलें, यानें. आणि केल्सच्या पोथीची कथा जोडली कीं उरलेलें श्रेय मठांतील साधूंस जातें. बाईच्या हातीं राहतात त्या दोन सुया.

यावर कोणी म्हणेल, असूं द्या कीं कथा. तिच्यामुळें माल खपतो आणि गरिबाच्या पोटांत चार घांस जातात. हा आक्षेप वरवर दयाळू दिसतो. पण कथेचा गुण असा कीं ती कोणत्याही मालास चिकटवितां येते. यंत्रावर विणलेल्या सदऱ्यास घराण्याच्या नांवाची चिठ्ठी तितक्याच सहजतेनें लागते, आणि आज तशी लागलेली पुष्कळ ठिकाणीं दिसते. यंत्रास जे चिकटवितां येत नाहींत ते हाताचे तास होत. त्यांचा हिशेब करून पाहावा. ४८ टाक्यांचा, सहा फूट लांबीचा, इंचास सहा ओळी बसणारा गळपट्टा घेतला, तर ओळी ४३२ आणि टाके २०,७३६ होतात. मिनिटास वीस टाके हा वेग धरला तरी सव्वासतरा तास लागतात, आणि त्यांत ओलांड्यांचा वेळ, उसवण व मोजदाद हीं धरलेलीं नाहींत. गिऱ्हाइकानें या तासांची किंमत दिली तर ती विणणारीस पोंचण्याचा संभव आहे. कथेची किंमत दिली तर ती कथा सांगणाराच्या गल्ल्यांत जाते.

हा दोष केवळ आयर्लंडचा असता तर आम्हीं तो तिकडच्यांवर सोपविला असता. पण आपल्या सुशिक्षित घरांतही एखादी वस्तु पुरातन ठरल्याशिवाय तिला पाट मांडला जात नाहीं. आजीनें जुन्या लुगड्यांचे थर लावून शिवलेली गोधडी आपण ‘परंपरा’ म्हणून दाखवितों. तींत रंगांची जुळणी कोणी केली, टांका कोठें दाट व कोठें विरळ घातला आणि कां, हें तिला कधीं विचारीत नाहीं. सून चार महिने खपून पिळाचा गळपट्टा विणते, तेव्हां तिला ‘बरा वेळ जातो तुमचा’ असें म्हणणारे सद्गृहस्थ तीच वीण परदेशच्या दुकानांत दामदुपटीनें घेऊन तिची कुळकथा आम्हांस ऐकवितात. वेळ गेला नाहीं, महाराज. वेळ त्या गळपट्ट्यांत आहे. तो मोजतां येतो, आणि वर आम्हीं तो मोजून दाखविला आहे.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं, ही म्हण आपण हट्टी माणसास लावतों. येथें ती सरळ अर्थानें लागू पडते. दंतकथेचें सुंभ जळून गेलें म्हणून विणीचा पीळ तिळभरही उणा होत नाहीं. उलट तो कोणाच्या बोटांनीं घातला हें तेव्हांच स्वच्छ दिसूं लागतें. म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच कीं, असें वस्त्र हातीं आलें तर ‘हें कोणत्या घराण्याचें?’ असें विचारूं नये. हें कोणी विणलें, किती टाक्यांवर विणलें, आणि तिला काय मिळालें, असें विचारावें. पहिल्या प्रश्नास दुकानदारापाशीं छापील उत्तर तयार असतें. पुढील तिहींस तें बहुधा नसतें, आणि म्हणूनच ते विचारले पाहिजेत.