माईसाहेबांचे ऋण

रमाई जयंती आमच्या वस्त्यावस्त्यांत साजरी होते, आणि ती व्हायलाच हवी. २७ जानेवारीला माईसाहेबांची जयंती असते, हे मात्र सातारा-सांगलीच्या किती विहारांत स्मरते?

बाबासाहेबांच्या वाट्याचा पहिला वियोग साताऱ्यातला. आई भीमाबाई तेथेच निवर्तल्या, तेव्हा भिवा अवघा पाच-सहा वर्षांचा होता. पुढे सुभेदार रामजींनी दुसरा विवाह केला. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भिवाचा जीव तुटे. घर सोडावे, मुंबईच्या गिरणीत काम धरावे, असे त्याच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी आत्याची पैशांची पिशवी पळवली, तर तीत निघाला अर्धा आणा! मग मुंबईचा नाद सुटला आणि अभ्यासाचा लागला. ही हकिकत सांगितली की आमची मुले खळखळून हसतात. जत-आटपाडीकडून आलेले एखादे आईविना लेकरू तेवढे हसत नाही.

वडिलांचा पुनर्विवाह ज्याला एवढा सलला, त्याच भिवाने वयाच्या ५७ व्या वर्षी स्वतः पुनर्विवाह केला. मधला काळ दुःखाचा होता. चार अपत्ये गेली. त्यांतला राजरत्न १९२६ साली. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुन्हा लग्न करायचे नाही, हा निश्चय बाबासाहेबांनी जवळजवळ तेरा वर्षे पाळला. शरीर मधुमेहाने पोखरले होते. अशा वेळी मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर त्यांच्या जीवनात आल्या. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह झाला. संविधानाचे उरलेले काम, हिंदू कोड बिलाची झुंज, नागपूरची धम्मदीक्षा, हे सारे त्यानंतरचे.

आपली विझू पाहणारी जीवनज्योत पत्नीने आणि डॉ. मालवणकरांनी तेवत ठेवली, असे बाबासाहेबांनीच धम्मग्रंथाच्या १५ मार्च १९५६ च्या प्रस्तावनेत नमूद केले. १९५७ च्या आवृत्तीत ती प्रस्तावना आली नाही. महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर संशय घेतला गेला. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला, तरी कुजबुज थांबली नाही. अनेक वर्षे त्या दिल्लीत एकाकी राहिल्या. त्यांना पुन्हा चळवळीत आणले ते पँथरच्या तरुणांनी, वडीलधाऱ्यांनी नव्हे.

माईंना मान दिला तर रमाईंचा मान उणा होतो, असे काहींना वाटते. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि प्रस्तावनेत माईंचे ऋणही मानले. दोन्ही एकाच लेखणीचे. पहिल्या प्रेमाचे स्मरण आणि दुसऱ्याचा स्वीकार त्यांच्या मनात एकत्र नांदले; आमच्याच मनात ते भांडतात. हिंदू कोड बिलावर तासभर बोलणारे आमचे कार्यकर्ते, घरातील तरुण विधवेने पुन्हा संसार थाटायचे म्हटले की खाली मान घालतात. आणि तिच्या मुलांचे मन? भिवाचेही दुखावले होतेच. ते जपावे लागेल, पण त्यासाठी तिने जन्मभर एकटे राहावे, हे आम्हांस मान्य नाही.

येत्या २७ जानेवारीला आमच्या शाळेच्या सभागृहात ती प्रस्तावना एखाद्या विद्यार्थिनीने मोठ्याने वाचावी, अशी संस्थेस आमची विनंती आहे. पालकांनाही त्या दिवशी बोलवावे.